लॅपटॉपचा कीबोर्ड घरी बदलायचा? आधी हे तपासा, मग पेचकस हातात घ्या

इंदूरमध्ये ओळखीपाळखीचे लोक माझ्याकडे जे लॅपटॉप घेऊन येतात, त्यांत सगळ्यात जास्त तक्रार कीबोर्डची असते. भंवरकुआँला कोचिंगसाठी राहणारी मुलं, सुदामानगरातले निवृत्त काका, घरून टायपिंगची कामं घेणाऱ्या ताई, सगळ्यांचा प्रश्न तोच: "ऑनलाइन मागवला तर घरी बसवता येईल ना?" काही लॅपटॉपांत येतो, आणि अर्ध्या तासाच्या आत काम होतं. काहींत मात्र अख्खा लॅपटॉप रिकामा करावा लागतो, आणि तिथे घरच्या टेबलावर हौस केली तर नुकसान मोठं होतं. तुमचा कोणत्या प्रकारचा आहे हे कळल्याशिवाय पैसे भरू नका. त्याच्याही आधी, कीबोर्ड खरंच गेलाय का हे बघा. बऱ्याचदा तो गेलेला नसतो.

लक्षणं

एकच बटण चालत नाही, जड लागतं किंवा दाबल्यावर वर येत नाही: बहुधा खाली काहीतरी अडकलंय. आपल्याकडे हे "काहीतरी" म्हणजे शेव असते. तिचा चुरा तेलकट असल्यामुळे फुंकर मारून निघत नाही.

चार-सहा बटणं एकदम बंद, आणि तीही विखुरलेली: आतली वीज वाहणारी एखादी रेघ तुटलीय किंवा रिबन (कीबोर्डला आतल्या मुख्य बोर्डाशी जोडणारी चपटी पट्टी) ढिली आहे.

हात न लावता एकच अक्षर धावत सुटतं: बटण दबून राहिलंय, किंवा आत ओल जाऊन दोन रेघा एकमेकींना चिकटल्यात.

भलतीच अक्षरं येतात: जवळजवळ नेहमी सेटिंगचा प्रश्न. यासाठी लॅपटॉप उघडायचा नाही.

सगळाच कीबोर्ड बंद, किंवा सकाळी बंद आणि तासाभराने चालू: रिबन, ओल किंवा विंडोज, तिन्हीपैकी काहीही असू शकतं.

मराठी टाइप करणाऱ्यांची तक्रार जरा वेगळ्या तऱ्हेने येते. "जोडाक्षरंच होत नाहीत, फॉन्ट बिघडला" असं एक काकू सांगत आल्या होत्या. फॉन्ट ठीक होता. इनस्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या मांडणीत हलन्त इंग्रजी डीच्या बटणावर असतो, आणि तेच बटण मेलं होतं. तसंच एनचं बटण गेलं की 'ल' आणि 'ळ' दोन्ही जातात, कारण दोघांचं बटण एकच, फक्त 'ळ'ला शिफ्ट लागतो. म्हणून मराठीत काही अडलं तर आधी इंग्रजीवर जाऊन तेच बटण दाबून बघा. तिथेही उमटलं नाही तर दोष बटणात आहे, आणि उमटलं तर भाषेच्या सेटिंगमध्ये.

पैसा न लागणाऱ्या तपासण्या

पहिली, भाषा आणि मांडणी. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबलं की कीबोर्डची मांडणी बदलते, आणि हे चुकून सहज होतं. ॲटचं चिन्ह दाबल्यावर अवतरणचिन्ह येत असेल तर मांडणी ब्रिटिश झालीय. ती काढून इंडिया किंवा यूएस ठेवा.

ज्या छोट्या लॅपटॉपांना उजवीकडे आकड्यांचा वेगळा भाग नसतो, त्यांच्यातल्या जुन्या मॉडेलांत नम लॉक लागला की जे, के, एलच्या जागी १, २, ३ आणि यू, आय, ओच्या जागी ४, ५, ६ येतात. फंक्शनच्या बटणाबरोबर नम लॉक दाबा, झालं.

दुसरी, फिल्टर कीज. उजवीकडचं शिफ्ट आठ सेकंद दाबून धरलं की विंडोज ही सोय चालू करायला विचारतं. घाईत "हो" म्हटलं गेलं की पटकन दाबलेली बटणं ते मोजतच नाही. माणसाला वाटतं कीबोर्ड संथ झाला, मेला. सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटीत जाऊन फिल्टर कीज आणि स्टिकी कीज दोन्ही बंद करा. घरात लहान मूल असेल तर ही तपासणी अजिबात चुकवू नका.

तिसरी, रीस्टार्ट. शटडाऊन नव्हे. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊन केल्यावरही यंत्रणेचा काही भाग तसाच जपून ठेवला जातो, रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. तेवढ्याने जमलं नाही तर लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि मग चालू करा. पूर्ण बंद पडलेला कीबोर्ड एवढ्यावर परत आलेला मी अनेकदा पाहिलाय.

चौथी, स्क्रीनवरचा कीबोर्ड. विंडोज, कंट्रोल आणि ओ एकत्र दाबा, किंवा माउसने ॲक्सेसिबिलिटीतून उघडा. आता खरा कीबोर्ड एका कडेने दाबत चला. जे बटण पोचतं ते स्क्रीनवर उजळतं. जी उजळत नाहीत ती कागदावर लिहून ठेवा. पुढे दुकानात गेलात तर हा कागद फार उपयोगी पडतो, आणि दुरुस्तीनंतर तीच यादी घेऊन परत तपासता येतं.

पाचवी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: बायॉसमध्ये जाऊन बघा. लॅपटॉप चालू होताना डेल, एसर आणि बऱ्याच लेनोव्होंत एफ २, एचपीत एफ १०, थिंकपॅडमध्ये एफ १ दाबत राहायचं. ही स्क्रीन विंडोजच्या आधीची आहे. बाण, एंटर, एस्केप इथे नीट चालले आणि विंडोजमध्ये गेल्यावर बंद पडले, तर दोष सॉफ्टवेअरचा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्डवर राइट क्लिक करून अनइन्स्टॉल करा आणि रीस्टार्ट करा, ड्रायव्हर आपोआप परत येतो. बायॉसमध्येही तेच रडगाणं असेल तर दोष हार्डवेअरचा, आणि मग विंडोज पुन्हा टाकण्यात दिवस घालवू नका. फॉरमॅट करून आणलेले आणि तरीही तेच बटण मेलेले लॅपटॉप बघून मला खरंच वाईट वाटतं. लोकांचे फोटो, नोट्स सगळं विनाकारण जातं.

पडदा पूर्ण मागे वळणारा लॅपटॉप असेल तर अजून एक. पडदा मागे गेला की टॅब्लेट म्हणून वापरता यावा यासाठी कीबोर्ड मुद्दाम बंद केला जातो, आणि हे बहुधा चुंबकाच्या सेन्सरवर चालतं. चुंबक असलेलं मोबाइलचं कव्हर लॅपटॉपवर ठेवलं असेल तर आधी ते बाजूला करा.

इथे थांबून कडेने बघा

काहीही उघडण्याआधी लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवा आणि डोळे कडेच्या पातळीला आणा. कीबोर्ड मधे फुगीर दिसतोय का? टचपॅड क्लिक होत नाही का, किंवा एका बाजूने वर आलाय का? लॅपटॉप डुगडुगतोय का? यातलं एक जरी असेल तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता मोठी आहे. ती कीबोर्डच्या किंवा टचपॅडच्या खालीच असते आणि खालून रेटा देते. बटणं अडकतात ती त्यामुळे.

असा लॅपटॉप बंद करा, चार्जिंगला लावू नका, दाबून सपाट करायला जाऊ नका आणि घरी उघडू नका. लिथियमच्या बॅटरीला टोचलं किंवा ती वाकली तर पेट घेऊ शकते. थेट सर्व्हिस सेंटर. काढलेली बॅटरी कचरागाडीतही टाकायची नाही. आपल्या गाडीला ई-कचऱ्याचा वेगळा डबा असला तरी फुगलेली बॅटरी हाताळणाऱ्या माणसाला धोका आहे. ती सर्व्हिस सेंटरलाच सोपवा.

साफसफाई

लॅपटॉप बंद, चार्जर बाजूला. उलटा धरून हलक्या हाताने थोपटा, रंगकामाच्या मऊ ब्रशने बटणांच्या फटी झाडा. दाबलेल्या हवेचा डबा असेल तर डबा उभाच ठेवा, लॅपटॉप तिरका धरा आणि थोडी थोडी हवा मारा. चिकट बटणासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरायचं. ते इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. इअरबडला लावून बटणाच्या कडेने फिरवा, ओतू नका. सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं.

बटणाची टोपी काढण्याचा मोह बहुतेकांना होतो. टोपीखाली प्लास्टिकची कात्रीसारखी जोडी असते, आणि तिचे हूक नखाच्या टोकाएवढे. एक मोडला की ते बटण कायमचं डुगडुगतं. साधं अक्षराचं बटण काढायचंच असेल तर एका कोपऱ्यातून पातळ प्लास्टिकने हळूच उचला. स्पेसबार, एंटर आणि शिफ्टला आत तारेची दांडी असते. ती परत बसवताना हूक मोडतात, म्हणून ही बटणं काढू नका.

चहा सांडला असेल तर

जे काही वाचतं ते पहिल्या मिनिटात वाचतं. पॉवरचं बटण दाबून धरून लॅपटॉप बंद करा, चार्जर ओढा, निघणारी बॅटरी असेल तर काढा, आणि पडदा उघडून तंबूसारखा पालथा ठेवा. तांदळाच्या डब्यात ठेवून काही होत नाही, उलट पीठ आत जातं. हेअर ड्रायरने प्लास्टिक वाकतं. आणि "चालतोय का बघू" म्हणून चालू करायचा नाही. मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य बोर्ड, जळतो तो नेमका त्या वेळी.

चहाने कीबोर्ड का जातो, हे एकदा समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. बटणांच्या खाली पारदर्शक पॉलिएस्टरचे दोन पापुद्रे असतात. त्यांवर चांदीच्या शाईने रेघा छापलेल्या असतात, आणि मधे भोकं पाडलेला तिसरा पापुद्रा. बटण दाबलं की वरची रेघ भोकातून खालच्या रेघेला टेकते. प्रत्येक बटणाला वेगळी तार नसते. उभ्या-आडव्या रेघांचं जाळं असतं आणि मदरबोर्डवरची चिप ते सतत चाळत असते. एक रेघ तुटली की तिच्यावरची सगळी बटणं एकदम जातात. या रेघा आपल्याला दिसणाऱ्या बटणांच्या ओळींप्रमाणे जात नाहीत, म्हणून मेलेली बटणं विखुरलेली दिसतात.

पाणी सुकतं. साखर-दुधाचा चहा पापुद्र्यांच्या मधे शिरून बसतो. असा कीबोर्ड मी उकलून पाहिलाय: रुपेरी रेघ एका ठिकाणी काळपट-हिरवी झालेली, आणि त्या डागाच्या मधोमध केसाएवढी तुटलेली. बाहेरून कितीही अल्कोहोल लावलं तरी तिथे पोचत नाही. म्हणून चहा सांडल्यावर चार दिवस चालून पाचव्या दिवशी बटणं जायला लागली, तर साफसफाईत वेळ घालवू नका. तो कीबोर्ड बदलायचाच आहे. पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरच्या दमटपणात, अशा जुन्या डागांची कुरबूर वाढते.

बदलायचा ठरला: तुमचा कोणता?

वॉरंटी शिल्लक असेल तर वाचणं इथेच थांबवा आणि कंपनीकडे जा. सांडलेलं साध्या वॉरंटीत बसत नाही, अपघाती नुकसानीचं कवच वेगळं घेतलं असेल तरच बसतं. पण न सांडता बटण गेलं असेल तर ते काम त्यांचं आहे, आणि तुम्ही स्क्रू फिरवलेत की वाद सुरू होतो.

वॉरंटी संपली असेल तर तुमच्या मॉडेलचं नाव टाकून कीबोर्ड बदलण्याचा एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत बघा. फक्त एवढंच शोधायचं की कीबोर्ड वरून निघतो का आतून.

वरून निघणारे जुने. खालच्या बाजूला कीबोर्डचं चित्र कोरलेले दोन-तीन स्क्रू असतात किंवा वरच्या कडेला लपलेल्या क्लिप. ते सोडवले की कीबोर्ड उचलून येतो. बरेच जुने थिंकपॅड, डेल, एचपी असे आहेत. हे घरी करा, निर्धास्त करा.

आतून बसवलेले म्हणजे गेल्या काही वर्षांतले बहुतेक सगळे पातळ लॅपटॉप. टाइप करताना तळवे टेकतात त्या वरच्या आवरणाला कीबोर्ड आतून पक्का बसवलेला असतो. बाजारात त्या आवरणाला सी पॅनल म्हणतात (ए म्हणजे पडद्याची पाठ, बी पडद्याची चौकट, डी तळ). आवरणातून प्लास्टिकचे बारीक खुंट वर आलेले असतात, कीबोर्डच्या पत्र्याच्या भोकांतून जातात आणि वरून वितळवून चपटे केलेले असतात. असे खुंट डझनावारी असतात. तिथे पोचायला बॅटरी, पंखा, मदरबोर्ड, स्पीकर, बिजागऱ्या, सगळं काढायचं. मग प्रत्येक खुंटाचं डोकं छाटायचं, नवा कीबोर्ड बसवायचा आणि उरलेले खुंट सोल्डरिंग आयर्नने परत वितळवायचे. उष्णता जास्त झाली तर वरच्या बाजूला खड्डा दिसतो. कमी पडली तर कीबोर्ड मधेच दबतो आणि टाइप करताना झुलतो. पातळपणा आणि स्वस्त जोडणी यासाठी कंपन्यांनी हे केलं, आणि स्क्रूने निघणारी वस्तू न निघणारी करून टाकली. मला हे मनापासून पटत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं पोर्टल सुरू केलं. तिथे आपल्या कंपनीने दुरुस्तीची काय माहिती दिलीय ते एकदा जरूर बघा.

या दुसऱ्या प्रकारात माझा सल्ला स्पष्ट आहे: पहिलाच लॅपटॉप उघडत असाल तर करू नका. आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलसारख्या ठिकाणी हे काम रोज करणारे कारागीर आहेत. दुकानदार "भिया, पूरा सी पैनल ही बदल दो" म्हणाला तर लगेच फसवतोय असं समजू नका. कीबोर्डसकट आख्खं पॅनल महाग पडतं, पण खुंट वितळवण्याचा प्रश्न राहत नाही आणि काम टिकतं. दोन्हींचे भाव विचारा आणि ठरवा.

खरेदी करताना

मॉडेलच्या नावावर कीबोर्ड मागवू नका. एकाच नावाच्या लॅपटॉपला दिव्याचा आणि बिनदिव्याचा, पॉवरच्या बटणाचा आणि त्याच्याशिवायचा, चौकटीसकट आणि नुसता असे वेगवेगळे येतात. जुन्या कीबोर्डच्या पाठीवर पार्ट नंबरचं लेबल असतं, तो जुळवा. रिबनची लांबी, ती कोणत्या बाजूने निघते, स्क्रूची भोकं, एंटरचा आकार, सगळं शेजारी ठेवून बघा. दुकानात जुना कीबोर्ड घेऊन जाणं म्हणूनच सोयीचं पडतं.

वरून निघणारा बसवताना

आधी फाइलींचा बॅकअप. लॅपटॉप बंद, चार्जर बाजूला, निघणारी बॅटरी बाहेर, आतली असेल तर तिचं कनेक्टर पहिलं सोडवायचं. लोखंडी कपाटाला किंवा नळाला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. कागदावर लॅपटॉपची रूपरेषा काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर तो मदरबोर्डमध्ये किंवा वरच्या आवरणात घुसतो.

कीबोर्ड सुटला की झटक्याने उचलू नका, खाली रिबन आहे. रिबनच्या टोकाशी काळं किंवा पांढरं प्लास्टिकचं लॉक असतं. ते नखाने वर उभं होतं किंवा दोन्ही कडांनी किंचित पुढे सरकतं. कोणत्या जातीचं आहे ते मोबाइलच्या टॉर्चमध्ये नीट बघा, मगच हात लावा. लॉक सोडल्यावर रिबन जोर न लावता निघते. जोर लागतोय याचा अर्थ लॉक अजून लागलेलं आहे. दिव्याचा कीबोर्ड असेल तर दुसरी, बारीक रिबनही असते.

नवा कीबोर्ड घेण्याआधी एवढं करून बघा: जुनीच रिबन काढून, टोक अल्कोहोलने पुसून, सरळ आत सरकवून लॉक लावा. "कधी चालतो, कधी नाही" असे लॅपटॉप पुष्कळदा इथेच बरे होतात.

नवा जोडल्यावर स्क्रू लावायच्या आधी त्याच्या पाठीखाली कोरडा कागद घाला, पॉवर द्या आणि मघाच्या यादीप्रमाणे एकेक बटण तपासा. सगळी उजळली की परत बंद करून, बॅटरी सोडवून पक्का बसवा.

इथे हात थांबवा

मदरबोर्डवरचं रिबनचं लॉक तुटलं, किंवा आत हिरवट डाग, जळका वास दिसला तर पुढे जाऊ नका. तसंच नवा कीबोर्ड लावूनही नेमकी तीच बटणं मेलेली राहिली, तर दोष मदरबोर्डवर आहे: कनेक्टर, तिथल्या रेघा किंवा कीबोर्ड वाचणारी चिप. हे चिप लेव्हलचं काम आहे, त्याला सूक्ष्मदर्शक आणि गरम हवेचं यंत्र लागतं. दुसरा, तिसरा कीबोर्ड मागवत बसू नका.

दुरुस्ती परवडत नसेल तर काही शे रुपयांचा यूएसबी कीबोर्ड लावून लॅपटॉप आरामात वर्षं काढतो. परीक्षेच्या तोंडावर मुलांना मी हेच सांगतो. फक्त आतलं एखादं बटण स्वतःहून धावत असेल तर बाहेरचा लावूनही ते अक्षर धावतच राहतं, मग आतली रिबन सोडवावी लागते. ती सोडवण्याआधी पॉवरचं बटण कीबोर्डवर तर नाही ना, ते बघा. असेल तर रिबनबरोबर तेही जाईल आणि लॅपटॉप चालूच होणार नाही.

दुकानात देताना आपला पासवर्ड देऊ नका, कीबोर्ड बायॉसमध्येही तपासता येतो. पार्ट नंबर पावतीवर लिहून घ्या, घेताना सगळी बटणं तिथेच दाबून बघा, आणि जुना कीबोर्ड परत मागून घ्या. त्याच्या चांगल्या टोप्या आणि कात्र्या नव्यातलं एखादं बटण मोडलं तर कामी येतात.